चोर बाटलीत, पहारा पोटावर

ताई,

आठ महिन्यांपूर्वी घरी बिअर करायचं वेड लागलं. आतापर्यंत पाच बॅच झाल्या, प्रत्येक २० लिटरची. चव जमतेय, पण पोट साथ देत नाही. शनिवारी रात्री अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या प्यायलो की तासाभरात गुबारा धरतो, रात्रभर गुडगुड आणि रविवारी सकाळी दोन-तीनदा पळावं लागतं. विकतची एखादी बिअर प्यायलो तर काही होत नाही. मित्र म्हणाला, दारूने पोटातले चांगले जिवाणू मरतात, ते भरून काढ. म्हणून तीन आठवड्यांपासून रोज सकाळी प्रोबायोटिक कॅप्सूल, दुपारी वाटीभर सॉवरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि संध्याकाळी ग्लासभर कोम्बुचा (आंबवलेला चहा) सुरू केला. फरक पडला, पण उलटा. आता आठवड्याचे सातही दिवस पोट डब्ब.

शेवटच्या बॅचचं हायड्रोमीटरवरचं (द्रवाची घनता, म्हणजे त्यात साखर किती उरली ते दाखवणारं) सुरुवातीचं रीडिंग १.०६० होतं. आठव्या दिवशी बुडबुडे थांबले, रीडिंग १.०१६ आलं, तेव्हा लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. उघडताना फेस उसळून टेबलावर येतो. तळाचा गाळही मी सोडत नाही, त्यात ब जीवनसत्त्व असतं ना? बायको म्हणते, हा उद्योगच बंद करा. मला एवढंच सांगा, कोणती कॅप्सूल घेऊ आणि किती?

– गुबारा

प्रिय गुबारा,

कॅप्सूलचं नंतर बघू. आधी त्या बाटल्या आज रात्रीच फ्रिजमध्ये उभ्या करून ठेवा. हात लावताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. फ्रिजमध्ये मावत नसतील तर झाकणाच्या खोक्यात ठेवा आणि खोकं माणसांच्या वावरापासून लांब. मी घाबरवत नाहीये, तुमच्याच आकड्यांवरून सांगतेय.

बिअरमधला वायू व्हॉल्यूममध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला असेल तर तो एक व्हॉल्यूम. नेहमीची बिअर अडीचच्या आसपास असते. बाटली भरताना लिटरला ४ ग्रॅम साखर घातली की यीस्ट ती खाऊन साधारण एक व्हॉल्यूम वायू देतं. तुम्ही ६ ग्रॅम घातलीत, म्हणजे दीड. आंबताना आधीच विरघळून राहिलेला पाऊण-एक त्यात धरला तरी हिशोब अडीचच्या आत बसतो. साखर तुम्ही बरोबर मोजलीत. घोळ आहे त्या १.०१६ मध्ये. १.०६० पासून निघालेली बिअर नेहमीच्या यीस्टने १.०१२ च्या आसपास येऊन थांबते. हायड्रोमीटरवरचे शेवटचे दोन अंश (०.००१ म्हणजे एक अंश) उतरले की साधारण एक व्हॉल्यूम वायू तयार होतो. तुमचे चार अंश बाकी होते आणि ते बाटलीच्या आत उतरले. म्हणजे वरचे दोन व्हॉल्यूम. एकूण साडेचारच्या घरात! साधी बिअरची बाटली एवढा दाब सोसण्यासाठी केलेली नसते.

खात्री करायची असेल तर एक बाटली नीट गार करून उघडा, बिअर दोन ग्लासांमध्ये इकडून तिकडे ओतत राहा, फेस पूर्ण मरू द्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग हायड्रोमीटर बुडवा. १.०१२ दिसलं तर माझं गणित बरोबर.

आता तेच गणित पोटाला लावा. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत सव्वादोन लिटर वायू. उघडताना, ओतताना त्यातला बराचसा उडून जातो, पण उरतो तोही थोडा नसतो. अशा तीन बाटल्या एका बैठकीत. उरलेला वायू काही ढेकरांवाटे वर येतो, काही खाली उतरतो, आणि दरम्यान पोटाचा फुगा होतो. या फुग्यावर जगातलं कोणतंही प्रोबायोटिक चालत नाही, कारण इथे जिवाणूंची काही चूकच नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसं तुमच्या आतड्यांचं झालंय.

आठव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून आंबणं संपलं, हा समज फार जणांचा असतो. एअरलॉकच्या, म्हणजे भांड्याच्या झाकणातून वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नये. झाकण जरा सैल असलं की ते थांबतात, खोली गरम झाली की पुन्हा सुरू होतात. रीडिंग घ्यायचं, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे आणि पुन्हा घ्यायचं. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आले तरच बाटली. आणि सारखे येऊनही बिअरला कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा वास येत असेल तर आणखी थांबा. तो वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा असतो, यीस्टचं काम अजून उरलंय असा त्याचा अर्थ.

आता गाळ. इथे मला तुमच्यावर हसायचा अधिकार नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी बाटल्या भरून झाल्यावर फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) तळाशी राहिलेला पिवळट लगदा वाटीत काढला होता. दिसायला सैलसर पिठल्यासारखा, वासाला पाव आणि कडू पाल्याची मिसळ. दुकानात यीस्टच्या गोळ्या पैसे देऊन घेतात, हे तर फुकट, असं म्हणत चमच्याने अर्धी वाटी संपवली. त्या रात्रीचं वर्णन सदरात छापण्यासारखं नाही. एवढंच सांगते की पहाटे चार वाजता मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून, हे नक्की कशाचं जीवनसत्त्व होतं, असा विचार करत होते.

दुकानातलं ब्रूअर्स यीस्ट वाळवून मारलेलं असतं. आपल्या गाळातलं जिवंत असतं. जिवंत पेशी आपलं ब१ जीवनसत्त्व सहजासहजी सोडत नाही, पोटातून जवळपास तशीच पुढे जाते. वर गाळात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि गोठलेली प्रथिनंही असतात. बाटलीत मुरवलेल्या बिअरमध्ये वरवर निवळ दिसतानाही दर मिलीलिटरला साधारण १० लाख यीस्ट पेशी असू शकतात. अर्ध्या लिटरला झाल्या ५० कोटी. तळ ढवळून प्यायलात तर त्याच्या कितीतरी पट. बहुतेकांना निवळ बिअरमधलं यीस्ट काही करत नाही. ढवळलेल्या तळाने मात्र वारा सरतो आणि सकाळी पळापळ होते, हे घरी बिअर करणाऱ्या कुणालाही विचारा.

उपाय स्वस्त आहे. आंबणं पूर्ण झालं की बाटल्या भरण्याआधी फर्मेंटर २ ते ४ अंश सेल्सियसला दोन-तीन दिवस ठेवा, यीस्ट खाली बसतं. बाटल्या मुरल्यावर त्याही फ्रिजमध्ये उभ्या तीन दिवस. ओतताना बाटली एका धारेत, मध्ये सरळ न करता, तिरकी धरून. प्रत्येक वेळी सरळ केली की तळ हलतो. तळाची दीड-दोन सेंटिमीटर बिअर बाटलीतच राहू द्या. तेवढ्या थेंबांचा जीव जाळू नका.

तुमच्या पत्रातला एक शब्द मी तीनदा वाचला. ‘विकतची एखादी बिअर प्यायलो तर काही होत नाही.’ एखादी! आणि घरची तीन. ही तुलना कशी होणार? विकतच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, घरच्या बाटलीवर कुणी छापत नाही, म्हणून ते मनातही येत नाही. सुरुवातीच्या रीडिंगमधून शेवटचं वजा करून १३१.२५ ने गुणलं की टक्के मिळतात. तुमची बिअर ६ टक्क्यांच्या खाली नाही. अर्ध्या लिटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना एक प्रमाणित पेय १० ग्रॅमचं धरते. शनिवारच्या तुमच्या तीन बाटल्या म्हणजे अशी सात पेयं झाली. एवढं अल्कोहोल एका रात्रीत गेलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, पाणी नीट शोषलं जात नाही, आणि रविवारी सकाळी जे व्हायचं ते होतं. त्यातून बिअर जठरातलं आम्लही चांगलंच वाढवते. डिस्टिल केलेल्या दारूपेक्षा आंबवलेल्या पेयांचा हा गुण जास्त, त्यामुळे छातीत जळजळ होत असेल तर तिचंही उत्तर इथेच.

म्हणून मला तुमच्याकडून चार शनिवार हवेत. पण त्याआधी कोम्बुचा, सॉवरक्राउट, कॅप्सूल, सगळं बंद. दोन आठवडे साधं जेवण, बिअर नाही. पोट मूळपदावर येतंय का ते बघा. मग पहिल्या शनिवारी विकतची गाळलेली बिअर, पण घरच्या दोन बाटल्यांमध्ये जेवढं अल्कोहोल असतं तेवढीच. दुसऱ्या शनिवारी काही नाही. तिसऱ्या शनिवारी घरच्या दोन बाटल्या, नीट मुरलेल्या, निवळ, तळ सोडून. चौथ्याला फक्त एक. तिन्ही वेळा जेवण शक्यतो सारखंच ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी वहीत दोन ओळी. विकतच्यानेही तेच झालं तर दोष अल्कोहोलच्या मापाचा. विकतची निभावली आणि घरच्या निवळ बिअरने त्रास झाला तर पाककृतीकडे बघायचं. तुम्ही पाककृती लिहिली नाहीत, म्हणून विचारते: मिल्क स्टाउट ही काळी, गोडसर बिअर करता का? तिच्यात लॅक्टोज (दुधातली साखर) घालतात, बिअरचं यीस्ट ते खाऊ शकत नाही, आणि दूध न पचणाऱ्याच्या पोटात ते तसंच पोचतं. सायडर (सफरचंदाचा आंबवलेला रस) करून सॉर्बिटॉल, झायलिटॉलसारख्या साखरेने गोड करता का? पेअरच्या रसात सॉर्बिटॉल मुळातच असतं, यीस्टने ते हलत नाही, आणि ते सरळ रेचक आहे. आणि पाव, गव्हाचं काहीही खाल्लं तरी असंच होत असेल तर सीलियॅक रोगाची रक्ततपासणी करून घ्या, कारण बिअरमधल्या जवातही ग्लुटेन असतं. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर ती खोटीच निर्दोष येते.

घाणेरड्या भांड्यांमुळे विषबाधा झाली असेल का, ही शंका तुम्ही विचारली नाहीत, पण बायकोच्या मनात असणारच. पूर्ण आंबलेल्या बिअरचा पीएच ४ ते ४.५ च्या मध्ये असतो, वर अल्कोहोल आणि हॉप्स, त्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात सहसा तग धरत नाहीत. जपायला हवं ते न आंबलेल्या वर्टला, म्हणजे यीस्ट घालण्याआधीच्या माल्टच्या गोड काढ्याला. तो गार करून, यीस्ट न घालता, बंद डब्यात दिवसेंदिवस ठेवू नये. वर बुरशीची साय दिसली तर अख्खी बॅच ओतून द्या.

आता तुमचा मूळ प्रश्न.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. ही व्याख्या २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी केली, आणि तिच्यातला ‘पुरेशा’ शब्द बाजाराला अडचणीचा वाटतो. फायदाही सरसकट नसतो, तो ठरावीक वाणाचा, ठरावीक त्रासावर असतो. कॅप्सूलच्या पाकिटावर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं असेल तर ते ‘औषधात पाला आहे’ म्हणण्यासारखं झालं. कुठला पाला? ऱ्हॅम्नोसस जीजी असं वाणाचं नाव, प्रति कॅप्सूल किती कोटी आणि मुदत संपेपर्यंत किती, एवढं तरी हवं. २०२० मध्ये अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात इरिटेबल बॉवेलच्या (पोट वारंवार बिघडण्याच्या जुन्या दुखण्याच्या) रुग्णांनाही प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीतच द्यावं असं म्हटलंय. तुमच्यासारख्या शनिवारच्या गुबाऱ्याबद्दल तर काही म्हणायचीही गरज त्यांना वाटली नाही.

एक गंमत सांगते. जुलाबावर सर्वांत जास्त वापरलं जाणारं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस बुलार्डी. १९२० च्या दशकात आंरी बुलार आंबवण्यासाठी चांगलं यीस्ट शोधत इंडोचायनात फिरत होते. जुलाबाच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली उकळून पितात, हे त्यांनी पाहिलं आणि त्या सालींवरून ते यीस्ट वेगळं केलं. जनुकांनी ते तुमच्या बिअरच्या यीस्टचा सख्खा भाऊ म्हणावा इतकं जवळचं. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर त्याचा उपयोग दिसलेला आहे. पण म्हणून बाटलीचा गाळ तेच काम करेल असं नाही, आणि रविवारच्या जुलाबावर ते घ्यावं असंही नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, किंवा ज्यांच्या मोठ्या शिरेत कॅथेटर आहे, त्यांनी ते मुळीच घेऊ नये. त्यांच्या रक्तात यीस्टचा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत.

तुमचं रोजचं पोट का बिघडलं, हे एव्हाना तुम्हाला दिसत असेल. कोम्बुचा म्हणजे पुन्हा वायू, पुन्हा आम्ल, पुन्हा जिवंत यीस्ट आणि घरी केलेला असेल तर थोडं अल्कोहोलही. वाटीभर सॉवरक्राउट रोज, तेही सवय नसताना! कोबी आंबताना त्यात मॅनिटॉल तयार होतं आणि नाजूक पोटाला तेवढं पुरतं. त्यावर कॅप्सूल, जिच्या सुरुवातीच्या दिवसांत थोडा वायू होतोच. तीनही एकाच दिवशी सुरू केल्यावर कशाने काय झालं ते कोण सांगणार? आगीतून फुफाट्यात गेलात.

आंबवलेल्या अन्नावर माझा राग नाही, उलट मी ते रोज खाते. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३६ निरोगी लोकांवर प्रयोग केला. निम्म्यांना दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी काही प्रथिनं घटली. छोटा प्रयोग, पण नीट केलेला. फक्त लक्षात घ्या, ती माणसं निरोगी होती, मात्रा हळूहळू वाढवत नेली होती, आणि कुणी गुबारा उतरवायला ते खात नव्हतं.

तेव्हा चार शनिवार संपल्यावर, पोट शांत असेल तर दह्यापासून सुरुवात करा. जिवंत विरजणाचं साधं दही, जेवणाबरोबर अर्धी वाटी. दह्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात, हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मान्य केलेल्या फार थोड्या दाव्यांपैकी आहे. अट एवढीच की दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत, म्हणजे आंबवून मग तापवलेलं दही चालत नाही. दोन आठवड्यांनी जमलं तर केफिर (आंबवलेलं पातळ दूध), तोही पाव ग्लासापासून. सॉवरक्राउट हवंच असेल तर एक चमचा, फ्रिजमध्ये ठेवून विकतात ते किंवा घरचं दोन-अडीच टक्के मिठात मुरलेलं. फडताळावरच्या बरणीतलं बहुधा पाश्चराइज केलेलं असतं, आणि नुसत्या व्हिनेगरमधली लोणची आंबलेलीच नसतात. ही खाऊन डोकं दुखत असेल, चेहरा लाल होत असेल तर थांबा, कारण आंबवलेल्या पदार्थांत आणि बिअरमध्ये हिस्टामिन असतं, आणि काहींना दोन्ही मिळून झेपत नाही. नैराश्यावरची किंवा पार्किन्सन्सची मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारी औषधं चालू असतील तर घरची यीस्टयुक्त बिअर आणि मुरलेले आंबवलेले पदार्थ दोन्ही बंद. त्यातल्या टायरामिनने रक्तदाब धोकादायक चढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको.

एवढं करूनही कॅप्सूल घ्यायचीच असेल तर एकच वाण, पाकिटावर लिहिलेली मात्रा, चार आठवडे. वहीत फरक दिसला नाही तर पाचव्या आठवड्याचं पाकीट आणू नका.

शौचात रक्त, काळी शौच, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, डोळे पिवळे होणं, किंवा बिअर बंद करूनही तीन आठवडे पोट न सुधारणं, यातलं काहीही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. त्यांना आठवड्याला किती पिता तो खरा आकडा सांगा. बाटल्यांचा नको, ग्रॅमचा.

बायको म्हणते, उद्योगच बंद करा. बिअर करणं बंद करा असं मी म्हणणार नाही, पण २० लिटरची बॅच घरात असली की शनिवार आपोआप तीन बाटल्यांचा होतो. पुढची बॅच दहा लिटरची लावा, सुरुवातीचं रीडिंग १.०४० च्या आसपास राहील इतकंच माल्ट घ्या, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास बसेल. आणि हायड्रोमीटरचं दुसरं रीडिंग त्यांना घ्यायला सांगा. आपण घेतलं की आकडा आपल्याला हवा तसा दिसतो.

– ताई